मज्जावाचा किनारा

पुणेकराचं कोकणावर प्रेम असतं, पण ते शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावरच उफाळून येतं. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मग मुळशीच्या जलाशयाला वळसा घालत ताम्हिणी. गाडीत लहान मुलं असतील तर घाटातच कुणाला तरी मळमळतं. खाली माणगावला चहा होतो आणि ‘या वेळी गर्दी नसलेला किनारा शोधू या’ असं कुणीतरी म्हणतं. हा शोध माझ्या माहितीत तरी तीसेक वर्षं चालू आहे. किनारा सापडला की पुणेकर तो चारचौघांना सांगतो, चारचौघं गाड्या काढतात आणि मग ‘पूर्वीसारखं राहिलं नाही हो’ म्हणत तो दुसरा शोधायला निघतो. काशीद असंच सापडलं, दिवेआगर असंच सापडलं, आता बोटं नकाशावर पार खाली वेळागर-शिरोड्यापर्यंत पोचली आहेत.

माझं माहेर नारायण पेठेतलं आणि सासर वेंगुर्ल्याचं. त्यामुळे कोकणाबद्दलचं बोलणं मला दोन्हीकडून ऐकू येतं, घाटावरून खाली उतरणाऱ्यांचं आणि ‘आता कोण उतरलंय’ म्हणून खालून बघणाऱ्यांचं. या किनाऱ्यावरच्या राखीव जागा मी जमेल तशा पाहत आले. काहींना अभयारण्याची पाटी आहे, काहींना पाटी नाही पण राखण आहे, आणि एखादी अशीही, की जिथे माणसाला पाय ठेवायलाच जागा नाही. पाहता पाहता एक गोष्ट मनात पक्की होत गेली. या किनाऱ्यावर जिथे जिथे रान रान म्हणून उरलं आहे, तिथे सरकारी अधिसूचनेच्या कितीतरी आधीपासून कुणाचा ना कुणाचा मज्जाव होता. कुठे नवाबाचा, कुठे देवाचा, कुठे खुद्द समुद्राचा. कायदा मागाहून आला आणि त्या जुन्या मज्जावावर टेकून उभा राहिला. जिथे टेकायला काही नव्हतं, किंवा जिथे आधीपासून राखणाऱ्यांना कुणी विचारलंच नाही, तिथे तो फाइलीतच राहिला.

काशीदचंच घ्या. पांढरी वाळू, सुरूची झाडं, घोडागाड्या, भज्यांच्या टपऱ्या. समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे तोंड केलं की फणसाड सुरू होतं. ते अभयारण्य झालं १९८६ साली. पण त्याआधी कित्येक पिढ्या ते जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं शिकारीचं राखीव जंगल होतं. नवाबाला काही शेकरूंचा कळवळा नव्हता. त्याला स्वतःसाठी सावज हवं होतं, म्हणून इतरांना बंदी होती. हेतू कसलाही असो, जंगल राहिलं. आज तिथे बिबट्या आहे, शेकरू आहे, मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेल्या आहेत. पाणवठ्यांना तिथले लोक ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यात जंगलाचा सगळा कारभार या गाणांभोवती गोळा होतो. काशीदच्या वाळूत पाय ठेवायला जागा नसते त्या रविवारीही फणसाडच्या वाटेवर मोजकी माणसं भेटतात. मला याचं दुःख आहे असं म्हणणं ढोंगीपणाचं होईल.

वाटेतल्या मुळशीबद्दलही थोडं सांगायला हवं. ते धरण पुणे जिल्ह्यातलं, मुळा नदी पुण्याची. पण मुळशीला अडवलेलं पाणी टाटांच्या योजनेने शंभर वर्षांपूर्वी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे वळवलं. तिथून ते कुंडलिकेत येतं, कोलाड-रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत जातं. म्हणजे जे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळायचं, त्यातलं बरंचसं फणसाडच्या डोंगरांच्या उत्तरेला अरबी समुद्रात पडतं. १९२१ साली मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले. त्यांचं ‘नको’ कुणी ऐकलं नाही. वीकेंडला त्या जलाशयाच्या काठावर कणीस खाताना हे आठवतं कुणाला? मज्जाव कुणाचा चालतो आणि कुणाचा चालत नाही, हा प्रश्न या रस्त्यावर घाट उतरण्याच्या आधीच सुरू होतो, एवढंच मला म्हणायचं आहे.

देवाच्या मज्जावाबद्दल पुण्यातल्याच दोघांनी महत्त्वाचं काम केलं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक. १९७०च्या दशकात या दोघांनी पश्चिम घाटातल्या देवराया पायी फिरून पाहिल्या, त्यांच्यावर लिहिलं. आधुनिक शास्त्राला तोवर देवराई म्हणजे अंधश्रद्धेचा भाग वाटत होता; झाडांची यादी हातात आली तेव्हा आजूबाजूच्या डोंगरांवरून गेलेली झाडं या तुकड्यांत जिवंत असल्याचं दिसलं. सिंधुदुर्गात अजूनही पुष्कळ ठिकाणी राईतली फांदी तोडायची तर देवाला कौल लावतात. कौल मिळाला नाही तर कोयता घरी. आमच्याकडच्या एका राईत मात्र अलीकडे देवळाचा जीर्णोद्धार झाला. देवाने कौल दिला म्हणे. जांभ्याच्या चौथऱ्याच्या जागी चकचकीत फरशी आली, गाड्या लावायला जागा हवी म्हणून कडेची झाडं गेली, आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी दिलेल्या देणग्यांची संगमरवरी पाटी लागली. नवाबाचा मज्जाव नवाबाबरोबर गेला असता, पण कायद्याने तो उचलून धरला. देवाचा मज्जाव भक्तांकडूनच सैल होतोय, तिथे कायदा काय करणार?

मज्जावाच्या नेमकी उलटी गोष्ट रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांची, म्हणजे तिथल्या उघड्या सपाट माळांची. वर जांभा दगड, पावसात चार महिने फुलांचा गालिचा आणि एरवी भाजणारा काळपट कातळ. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’. ज्या जमिनीला दप्तरातच खराबा म्हटलं, तिथे कुणी कुणाला अडवायचं? चिरे काढायला खाणी झाल्या, बुलडोझर फिरले. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी खोदलेली चित्रं आहेत, मासे, कासवं, हत्ती, आणि आता कोकणात नावालाही नसलेला गेंडा. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा, की त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं मावली आहेत. रत्नागिरीच्या काही हौशी अभ्यासकांनी पदरमोड करून गावोगाव हिंडून ही कातळशिल्पं शोधली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. गुराखी पोरांना ती आधीपासून ठाऊक होतीच, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता समुद्राकडे येते. वेंगुर्ल्याच्या बंदरावरून आकाश स्वच्छ असलं की वायव्येला क्षितिजावर खडकांचे काही ठिपके दिसतात. हे वेंगुर्ला रॉक्स. नकाशावर त्यांना बर्न्ट आयलंड्स असंही नाव आहे. त्यांतल्या एकावर दीपगृह आहे, निवती रॉकचं. मालवणच्या आसपास दख्खनचा काळा फत्तर संपतो आणि त्याच्याहून कितीतरी जुने खडक डोकं वर काढतात. हे खडक त्यांतलेच. मी तिथे होडीतून गेले ती माघातल्या शांत पाण्यात. तरीही खडकाजवळ होडी अशी वरखाली होत होती, की उतरायचा विचार मी मनातल्या मनात परत घेतला. कडे सरळ पाण्यात उतरलेले. गुहांच्या तोंडातून पाकोळी पक्ष्यांचे थवे आतबाहेर करत होते. या पाकोळ्या अंधारात टकटक असा आवाज करतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. घरटं बांधतात ते स्वतःच्या लाळेने, खडकाला चिकटवून. उन्हाळा सरताना याच खडकांवर सुरय पक्षी अंडी घालतात. हुमायून अब्दुलअली या जुन्या जाणत्या पक्षीअभ्यासकाने इथे येऊन पाहणी केली आणि १९४२ साली बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, नियतकालिकात इथले सुरय आणि पाकोळ्या यांच्यावर लिहिलं.

परत येताना मी माझ्या चुलत दिरांना विचारलं, पावसाळ्यात इथे काय होत असेल? ते सुकाणूवरचा हात न काढता म्हणाले, “वयनी, पावसात थंय कोण जाऊचो? समुद्रच जावक दिना नाय.”

त्यांचं खरं आहे. पण समुद्राचा मज्जाव चार महिन्यांचा. पाकोळ्यांची वीण बरीचशी त्याच्या आधी, पाणी शांत असतानाच होते. आणि त्यांच्या लाळेच्या घरट्यांचं सूप चीनकडे चढ्या भावाने विकलं जातं. तेवढा भाव मिळाल्यावर कड्यांना शिड्या लागल्या. घरटी खरवडून नेण्याचा हा चोरधंदा दोन हजार सालच्या आसपास उघडकीला आला, तेव्हा चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वनखात्याला बरोबर घेऊन राखण सुरू केली. आता याच निवती रॉकच्या परिसरात नौदलाची निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ बुडवून समुद्राखाली संग्रहालय करायचं सरकारने ठरवलं आहे. जहाजाच्या सांगाड्यावर प्रवाळ धरेल, मासे येतील, पर्यटक येतील, गावाला रोजगार येईल असं गणित आहे. मासे येतील हे मला पटतं. सुरय आणि पाकोळ्या त्या गणितात कुठे बसवल्या आहेत, ते बघायला हवं. वेंगुर्ल्यातल्या घरी मात्र या विषयावर मी फार बोलत नाही. तिथल्या पोरांना गोव्यात हॉटेलांत नोकरी करायला जावं लागतं, आणि मी पुण्यात बसून पाखरांची बाजू घेते, हे ऐकायला बरं दिसत नाही.

मालवणचं प्रकरण या सगळ्यात मोठं आणि सगळ्यात गुंत्याचं. १३ एप्रिल १९८७ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला येतो, पद्मगड येतो आणि पाण्याखालचे खडक येतात. म्हणजे तसं पाहिलं तर इथेही जुना मज्जाव होताच. महाराजांनी १६६४च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, तो या जागेच्या बळावर. भोवतालच्या पाण्यात खडपं एवढी, की वाट ठाऊक नसलेलं गलबत फुटणारच. शत्रूला जे खडक नको होते त्यांच्यावरच प्रवाळ धरलं, त्यांच्या कपारीत मासळी वाढली. गाबीत कोळ्यांना ती वाट पिढ्यान्‌पिढ्या पाठ. कुठे जाळं टाकायचं, कुठे टाकलं तर फाटणार, उधाणाला कुठून आत यायचं आणि भांगाला कुठे थांबायचं, ही सगळी त्यांच्या घरची विद्या.

आणि नेमकं त्यांनाच कुणी विचारलं नाही. अभयारण्य म्हणजे मासेमारी बंद, एवढाच अर्थ किनाऱ्यावर पोचला. मालवण बंदर, धक्का, होड्या उभ्या करायची जागा, सगळं त्या हद्दीत. विरोध झाला आणि तो टिकला. वन्यजीव कायद्यात सागरी हद्दीतल्या अभयारण्यासाठी ‘स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हितरक्षणाची पुरेशी तजवीज करून’ अशा अर्थाची अट १९९१च्या दुरुस्तीने आली. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षं आधीची. म्हणजे विचारायचं असतं हे कायद्याला सुचेपर्यंत इथे घोषणा होऊनही गेली होती. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीत, आयुष्य गेलेल्या एका आजोबांना मी याबद्दल छेडलं तर ते हातातली बिडी विझवून म्हणाले, “आमका इचारूक कोण इल्लो?” मग बराच वेळ बोलले ते पर्ससीनवाल्यांबद्दल.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हेच पारंपरिक मच्छीमार, जे अभयारण्याला नको म्हणाले, तेच वर्षानुवर्षं पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर बंधनं आणा म्हणून रस्त्यावर उतरले. एका फेऱ्यात अख्खा थवा गिळणारी ती जाळी. रापणीच्या वाट्याला मग तारली-बांगड्याचं उरलंसुरलं. २०१६च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला तो या रेट्यामुळे. रात्री एलईडीचे दिवे पाण्यात सोडून मासे गोळा करण्याविरुद्धही ओरड त्यांचीच. आणि पावसाळ्यातली मासेमारी बंदी, १ जून ते ३१ जुलै, ती तर कोळीवाड्यांना नवी नव्हतीच. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हे कॅलेंडरवर सरकारच्या आधीपासून होतं. म्हणजे संयमाला ना कुणाचीच नव्हती. आपल्या दारात येऊन दुसऱ्याने परस्पर ओढलेली रेघ तेवढी नको होती.

अभयारण्य कागदावर राहिलं आणि मधल्या पोकळीत पर्यटन शिरलं. ते मात्र कुणाला विचारत बसलं नाही. आज मालवणच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवलं की ‘स्कूबा करायचा का, स्कूबा’ म्हणत पोरं मागे लागतात. किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात एकामागून एक होड्या नांगर टाकतात. नांगर पडतो तो प्रवाळावर पडला की वाळूवर, हे वरून कोण बघतंय? व्हिडिओत मासे जास्त दिसावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करतात. पोहता न येणारा माणूस घाबरला की सापडेल त्या खडकावर पाय रोवतो, आणि तो खडक जिवंत असतो. मुंगीच्या पावलांनी वाढणारी वस्ती ती, एका टाचेने मोडते. २०१५-१६च्या सुमारास समुद्राचं पाणी तापून इथलं प्रवाळ पांढरं पडलं, ते संकट तर मालवणच्या कुणाच्याच हातातलं नव्हतं. पण आधीच आजारी असलेल्याच्या अंगावर उभं न राहणं एवढं तरी हातात आहे.

आणि हेही खरं, की तोच डायव्हिंगवाला पोरगा प्रवाळाबद्दल आपल्या बापापेक्षा जास्त जाणतो. कारण त्याने ते रोज पाहिलंय. किनाऱ्यावर कपडे बदलताना एकाने मला कुठल्या खडकावरचं प्रवाळ गेलं आणि कुठल्या खडकावरचं सुधारतंय हे वर्षांनुसार सांगितलं. सरकारने कधी बोलावलंय का, विचारल्यावर तो हसला. त्याच्या टी-शर्टवर मागे ‘सेव्ह कोरल्स’ लिहिलेलं होतं आणि होडीत पावाची लादी होती. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, आणि त्यात मला खोटेपणा दिसला नाही. गिऱ्हाईक पुण्याचं असतं, त्याला मासे हवे असतात.

माझा भाचा अमेरिकेत ऑरेगनला असतो. त्याने आम्हाला तिथला किनारा दाखवला होता, पॅसिफिकच्या लाटांत उभे असलेले उंच सुळके आणि त्यांच्यावर लाखोंनी पाखरं. तिथली अठराशेच्या वर बेटं आणि खडक राखीव आहेत आणि त्यांच्यावर उतरायला माणसाला बंदी आहे. काठावरून दुर्बिणीने बघायचं. त्यांतल्या थ्री आर्च रॉक्सला १९०७ सालीच संरक्षण मिळालं, कारण त्याआधी लोक रविवारी होडीतून जाऊन नुसती गंमत म्हणून पाखरांवर बंदुका झाडत. पुढे १९६४ साली त्यांनी कायदाच केला, की रान म्हणजे जिथे माणूस पाहुणा म्हणून येतो आणि राहत नाही. वाचायला फार सुंदर वाटतं. पण त्या किनाऱ्यावरचे मूळ लोक त्याच्या आधीच शतकभर हाकलले गेले होते. आपल्याकडे सिंधुदुर्गाच्या तटाच्या आत आजही काही कुटुंबं राहतात, शिवराजेश्वराची पूजा होते, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं गोडं पाणी भर समुद्रात वापरलं जातं. गाभा क्षेत्राच्या पोटात माणूस आहे. तो पाहुणा नाही. तिकडचा नियम उचलून इथे आणता येणार नाही, आणि मला वाटतं आणूही नये.

मग इथल्या मातीत नवा मज्जाव रुजतो कसा? याचं उत्तर ज्या गावात सापडतं, त्याचा पुण्याशी जुना संबंध आहे. शनिवारवाड्याजवळ नानावाडा आहे. त्या नाना फडणवीसांचं मूळ गाव वेळास. बाणकोटच्या खाडीपलीकडे, मंडणगड तालुक्यात. हरिहरेश्वरकडून यायचं तर बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि वेसवीला उतरायचं. २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्रचे लोक, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्र गरुडाची घरटी शोधत इथे आले होते. त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, कासवं येतात, अंडी घालतात आणि ती अंडी माणसं नेतात, उरलेली कुत्री-कोल्हे खातात. इथे ना नवाब होता, ना देव, ना अडवणारा समुद्र. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कासवाला वाघाच्या पंक्तीला बसवलेलं होतं, पण वेळासच्या वाळूत ते परिशिष्ट कुणी वाचलं नव्हतं.

जे अंडी गोळा करायचे, त्यांची नजरच कामाला आली. वाळूवरच्या पावलांच्या ठशावरून घरटं शोधणं हे पुस्तकी माणसाचं काम नव्हे. घरट्यातली शंभरेक अंडी उचलायची, किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवायची, वर टोपली पालथी घालायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, त्यामुळे तापमानावरही लक्ष. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांतून पाहुण्यांची सोय होऊ लागली. अंडी विकून जे मिळायचं त्याहून जास्त ती राखून मिळू लागलं. हे बोलून दाखवायला काहींना संकोच वाटतो, जणू पैसा आला की पुण्य बाटतं. मला तसं वाटत नाही. नवाबालाही सावजच हवं होतं.

वेळासला अजूनही अभयारण्याची पाटी नाही. आहे ती एक सुंभाची दोरी. सकाळी पिल्लं सोडायच्या वेळी ती वाळूत ताणतात आणि सगळे तिच्यामागे बसतात. दोरी धरणारा गावातला विशीतला मुलगा असतो. तो ‘फ्लॅश नको’ म्हणाला की मोठमोठे साहेब मोबाइल खाली करतात. मी गेले होते त्या सकाळी टोपली उचलली आणि खाली काहीच नव्हतं. गर्दीत चुळबुळ झाली. एक गृहस्थ म्हणाले, “अहो, आम्ही पुण्याहून आलोय.” मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, तीपण लांबून येतात.” त्याचं बोलणं अक्षरशः खरं आहे. २०२२च्या जानेवारीत वेळासलाच ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं, म्हणजे ती कुठे कुठे जाते ते कळावं. आणि २०२१ साली ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्खा भारत वळसा घालून. तिच्या वाटेवर किती राज्यांच्या हद्दी आल्या, किती जाळी आली. जाळी कापून कासव किंवा व्हेल शार्क सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ पासून राज्य सरकार पंचवीस हजारांपर्यंत नुकसानभरपाई देतं. अशा कासवाचं आयुष्य अभयारण्याच्या हद्दीपेक्षा त्या कापलेल्या जाळ्यांवर जास्त अवलंबून असणार.

एवढं सगळं गावांशी जोडून बोलल्यावर एक जागा मला अडवते. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर भर समुद्रात एक पठार आहे, अँग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, भोवती समुद्र एकदम खोल. वर सूर्यप्रकाश पोचतो म्हणून प्रवाळ, आणि किनाऱ्याचा गाळ पोचत नाही म्हणून पाणी नितळ. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडे असल्यामुळे राज्याचं अभयारण्य तिथे करता येत नाही. १९७६च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याखाली केंद्रानेच ते ठरवायचं. २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तसा प्रस्ताव मान्य केला. पण तिथे गाव नाही, राई नाही, नवाब नाही. विचारायचं कुणाला? मोठे ट्रॉलर कुठूनही येतात, तेलाचे शोध घेणारे येऊ शकतात. समुद्र आणि अंतर यांच्याशिवाय त्या जागेला आज कुणी राखणदार नाही, आणि अंतर तर इंजिनागणिक कमी होतंय. इथे मात्र मला कागदच हवा आहे, चांगला जाड, केंद्राचा शिक्का असलेला. माझ्याच आत्तापर्यंतच्या म्हणण्याच्या हे उलट जातं, ते मला मान्य आहे.

मागे एरंडवण्यात एका सभागृहात कोकणातल्या सागरी जैवविविधतेवर व्याख्यान होतं. शेवटी वक्त्यांनी पडद्यावर अँग्रिया बँकेचे फोटो दाखवले. प्रश्नोत्तरांत तिसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले आणि त्यांनी विचारलं, “तिथे राहायची सोय कशी आहे?” वक्ते म्हणाले, उभं राहायलाही जागा नाही, सगळं पाण्याखाली आहे. “मग आपण करायचं काय तिथे?” आजोबांचा पुढचा प्रश्न. लोक हसले, पण प्रश्न बिनतोड होता. बाहेर आलो तर टेबलावर वेळासच्या सहलीची नोंदणी चालली होती, दोन बस जवळजवळ भरल्या होत्या. नवऱ्याने विचारलं, जेवायला मासे मिळतील ना? राहायचं त्या घरात शाकाहारीच असतं, असं उत्तर मिळालं. वेंगुर्ल्याचा माणूस तो, समुद्राकाठी जाऊन वरणभात खायचा म्हणजे काय, असं पुटपुटत त्यानेच दोघांचे पैसे भरले.